झीलकरी कुठे गेले?

(गणेशोत्सवानंतर ईलिंग येथे झालेल्या मंडळाच्या गप्पांच्या कार्यक्रमातील भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



बटाटेवडे आणि तुमच्यामध्ये मी उभा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. सेक्रेटरींनी मला दोन अटी घातल्यात. एक, वीस मिनिटांत संपव. दोन, कुणाला दुखवू नकोस. पहिली नक्की पाळतो. दुसरीसाठी प्रयत्न करतो, आणि म्हणूनच आज ज्या मंडळींबद्दल बोलणार आहे त्यांचं नाव घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

विषय आहे आपल्या लोकसंगीताचा एक संच. गोंधळ, पोवाडे, भारुड, कोळीगीतं, वासुदेव, असं सगळं रंगमंचावर सादर करणारा. मी त्यांचा सतरा वर्षांचा चाहता आहे. चाहता म्हणजे साधासुधा नव्हे हं! पेशाने मी कॉम्प्युटर इंजिनियर, आयटी कन्सल्टंट. आमच्यासारख्या माणसाचं प्रेमसुद्धा एक्सेल शीटमध्ये असतं. 2007 साली पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचा पहिला कार्यक्रम पाहिला. तेव्हापासून 2024 पर्यंत एकूण एकतीस कार्यक्रम पाहिले. प्रत्येकाची नोंद माझ्याकडे आहे: तारीख, गाव, रंगमंचावर माणसं किती, गोंधळ किती मिनिटं चालला, आणि शेवटचा एक कॉलम, ‘देव विचारले का?’ बायको म्हणते, लग्नाची तारीख लक्षात राहत नाही आणि हे बरं राहतं! तिला मी सांगतो, तीही शीटमध्ये आहे. असो.

हा शेवटचा कॉलम काय आहे ते आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

गोंधळाची सुरुवात आवाहनाने होते हे तुम्हाला माहीतच आहे. दिवटी पेटते, संबळावर काठी पडते, तुणतुणं लागतं आणि मुख्य गोंधळी एकेका दैवताला गोंधळाला बोलावतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. गावाकडे ज्याच्या घरचा गोंधळ असेल त्याचं कुलदैवत आणि ग्रामदैवत त्या यादीत आलंच पाहिजे, नाहीतर गोंधळाला अर्थ नाही. या संचाचा मुख्य गायक काय करायचा, तर संबळ चालू ठेवून पुढे यायचा आणि प्रेक्षकांना विचारायचा, ‘पाव्हणं, गाव कंचं? देव कंचा?’ लोक ओरडून सांगायचे. तो ते नाव तिथल्या तिथे चालीत बसवायचा आणि मागचे झीलकरी ते उचलून धरायचे. एकदा मी ओरडलो. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, देव भैरोबा. पुण्यातल्या त्या हॉलमध्ये चौदा माणसांच्या तोंडून आमच्या भैरोबाचं नाव निघालं आणि अंगावर काटा आला. देवभक्त म्हणावा असा मी नाही. पण माझ्या गावचं नाव रंगमंचावरून कुणी घेतल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं.

आता आकडे ऐका. 2008 साली रंगमंचावर माणसं चौदा, गोंधळ चौतीस मिनिटं, देव विचारले. 2014 साली लंडनला पहिल्यांदा आले तेव्हा माणसं नऊ, गोंधळ एकोणीस मिनिटं, देव विचारले. 2018 साली माणसं सहा, गोंधळ अकरा मिनिटं, देव विचारले, पण फक्त पहिल्या रांगेला. 2024 साली माणसं चार आणि एक लॅपटॉप. शनिवारी लंडनला गोंधळ सहा मिनिटं चाळीस सेकंद. रविवारी मी त्यांच्या मागे लेस्टरला गेलो. तिथे गोंधळ किती? सहा मिनिटं चाळीस सेकंद!

मंडळी, जिवंत माणसं सलग दोन दिवस एक गोष्ट सेकंदाबरहुकूम सारख्या वेळात करत नाहीत. झील रेकॉर्ड केलेली होती. संबळ अर्धा रेकॉर्ड केलेला होता. आणि देवांची यादीसुद्धा रेकॉर्ड केलेली होती. आमचा भैरोबा तिच्यात नव्हता, आणि आता कितीही ओरडलो तरी येऊ शकत नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर यादी हार्डकोड झाली होती.

यावर मला लगेच कुणीतरी म्हणणार, ‘अरे, काळ बदलतो. तुला सगळं जुनंच हवं का?’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. आणि त्यासाठी आपण बसलोय त्या ईलिंगपासूनच सुरुवात करतो.

आपल्या ब्रॉडवे स्टेशनसमोरच्या एका तळघरात मार्च 1962 मध्ये ईलिंग क्लब सुरू झाला. तिथे इंग्रज पोरं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज वाजवायची. रोलिंग स्टोन्सवाले मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांना ब्रायन जोन्स भेटला तो याच तळघरात. तिथून बसने थोडं पुढे गेलं की हॅनवेल. तिथे जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या गृहस्थांचं वाद्यांचं दुकान होतं आणि त्याच सुमाराला त्यांनी गिटारचा अँप्लिफायर बनवायला घेतला. पुढे जगभर ‘मार्शल’ म्हणून गाजला तो हाच. ईलिंग आर्ट कॉलेजात शिकलेला ‘द हू’चा पीट टाउनशेंड त्यांच्या मागे लागायचा, अजून मोठा आवाज पाहिजे म्हणून! म्हणजे जगातल्या निम्म्या कर्कश आवाजाची जबाबदारी आपल्या बरोवर येते. गणपतीत डीजेला नावं ठेवताना हे ध्यानात ठेवावं.

तर या विजेच्या आवाजावरून लोकसंगीताच्या चाहत्यांची जी भांडणं झाली ती प्रसिद्धच आहेत. बॉब डिलन. जुलै 1965 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि आरडाओरडा झाला. पुढच्या वर्षी, 17 मे 1966 ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एक प्रेक्षक त्याला चक्क ‘जूडास’ म्हणून ओरडला. जूडास म्हणजे येशूला पकडून देणारा. आपल्याकडे ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणावं तसं! याच इंग्लंडमध्ये अ‍ॅशली हचिंग्जने 1969 मध्ये काढलेला ‘स्टीलाय स्पॅन’ हा संच घ्या. जुनी इंग्रजी लोकगीतं इलेक्ट्रिक वाद्यांवर वाजवायचे. 1975 मध्ये त्यांचं एक लोकगीत पॉप गाण्यांच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं. नवे लोक खूष, आणि काही जुने चाहते फणफणले.

या भांडणात मी कुठे? मला इलेक्ट्रिक गिटारचं वावडं नाही. न्यूपोर्टला सगळ्यांत जास्त भडकलेले पीट सीगर, त्यांनी पुढे काय सांगितलं हे फार महत्त्वाचं आहे. ते म्हणत, माझा राग गिटारवर नव्हता. आवाज इतका फाटला होता की गाण्याचे शब्दच कळत नव्हते. म्हणजे त्यांची तक्रार वाद्याची नव्हती, गाणं माणसापर्यंत पोहोचत नाही याची होती. ही तक्रार मला पटते.

आणि ‘शुद्ध’ लोकसंगीत असं काही मी मागत नाही, कारण ते तसं कधी नव्हतंच. इथे कॅम्डनला सेसिल शार्प हाउस आहे, 1930 साली उघडलेलं. हे शार्पसाहेब 1903 साली सॉमरसेटमधल्या एका पाद्रीबाबांच्या बागेत गेले असताना त्यांनी माळ्याला काम करता करता गाताना ऐकलं, गाणं उतरवून घेतलं आणि तिथून त्यांनी आयुष्यभर लोकगीतं गोळा केली. पण ती छापताना पियानोची साथ लिहिली आणि जिथे शब्द चावट वाटले तिथे ते सोवळे करून घेतले!

आपल्याकडेही तेच. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं तेव्हा गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणलं. केवढा मोठा बदल! तरी तो तमाशाच राहिला, कारण समोरच्या गिरणी कामगाराशी तो थेट बोलत होता. शाहीर साबळ्यांचं उदाहरण घ्या. वाईजवळच्या पसरणीत 1923 साली जन्मलेला हा माणूस. ‘महाराष्ट्राची लोकधारा’मध्ये त्यांनी गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी, कोळी, सगळ्यांना एका रंगमंचावर आणलं. रात्रभर चालणारा गोंधळ त्यांनीसुद्धा काही मिनिटांवर आणलाच की! शिवाजी मंदिरला तिकीट काढून बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत कसा थांबणार? आपल्या पिढीतल्या शहरी मुलांना गोंधळ कळला तो बहुतेक अशा कार्यक्रमांतूनच. तेव्हा मी ज्या संचाच्या प्रेमात पडलो तोसुद्धा मूळ गोंधळाची रंगमंचीय आवृत्तीच होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटलं नाही.

मग वाटलं कशाचं? नीट तपासलं तेव्हा लक्षात आलं की लोककलेच्या प्रत्येक प्रकारात एक मोकळी जागा राखलेली असते. गोंधळात नायकाला अडवून प्रश्न विचारणारा त्याचा साथीदार. तमाशात बतावणी, जिच्यात कालच्या बाजारातली भानगड आज येते. भारुडात समोरच्याला चिमटा. पोवाड्यात झील: शाहीर दम घेतो तेव्हा मागचे ‘जी जी’ करून ओळ धरून ठेवतात, आणि तेवढ्यात शाहीर लोकांचे चेहरे वाचून ठरवतो, आता पुढे जायचं की हाच प्रसंग अजून रंगवायचा. विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा. लोक हसले तर उमप हसू ओसरेपर्यंत थांबत, आणि त्या थांबण्यातूनच पुढचं हसू तयार होई.

ट्रॅक ही जागा बुजवतो. तो चालतो कसा ते सांगतो, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. लॅपटॉपवर आधी रेकॉर्ड केलेले आवाज असतात: कोरस, जादा ढोलकी, की-बोर्ड. त्यांच्याबरोबर एक ‘क्लिक’ असते, घड्याळासारखी टिकटिक. ती प्रेक्षकांना ऐकू येत नाही, फक्त वादकाच्या कानातल्या यंत्रात वाजते. मिनिटाला 120 ठोके ठरले की 120. आता संबळवाला गाणाऱ्याकडे बघत नाही, तो टिकटिकीच्या मागे धावतो. गाणाऱ्याला एक ओळ परत घ्यावीशी वाटली तर घेता येत नाही, कारण रेकॉर्ड केलेला कोरस पुढच्या कडव्यावर गेलेला असतो. लेस्टरला पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून दिवटीला हात जोडायला गेल्या. 2008 साली अख्खा संच त्यांच्यासाठी थांबला असता. या वेळी गायकाने हात जोडले, पण तो थांबू शकला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची तारांबळ मी पाहिली. आजी परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत गाणं संपलंसुद्धा.

कार्यक्रमानंतर मी त्यांना भेटलो. इतक्या वर्षांची ओळख आहे. म्हटलं, ‘दादा, झीलकरी कुठे गेले?’

ते रागावले नाहीत. शांतपणे सांगितलं. एकजण चाकणला कंपनीत लागला. एकजण टेम्पो चालवतो. 2020 आणि 2021, दोन वर्षं जत्रा बंद, लग्नं बंद, गॅदरिंगं बंद. लोककलावंताला महिन्याचा पगार नसतो, प्रॉव्हिडंट फंड नसतो. थांबणार किती? तिसरा आपल्या गावी परत गेला आणि भावकीच्या गोंधळी पार्टीत घरोघरचे गोंधळ घालतो. ‘तो सुखी आहे,’ दादा म्हणाले. पुढे म्हणाले, ‘चौदा माणसं आणायला मला आवडेल. चौदा व्हिसा, चौदा स्पॉन्सरशिपची सर्टिफिकेटं, चौदा विमानाची तिकिटं. कोण देणार, तुम्ही?’ जाता जाता एक टोलाही हाणला. ‘आणि भाऊ, चिठ्ठ्या येतात त्या ‘झिंगाट’च्या येतात. भैरोबाची एकच आली, ती तुमची.’

आता यात दोष कुणाचा हे वाटत बसण्यात मला रस नाही. पण हे चक्र कसं फिरतं ते ओळखीचं आहे. तमाशाचं तेच झालं. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. कमिटी विचारते, हिंदी गाणी किती? मराठी सिनेमातली नवी लावणी आहे का? मग गण-गवळण उरकली जाते, वगाला वेळ उरत नाही, आणि वग रंगवणारा नट कशाला सांभाळायचा, असं फडमालकाला वाटू लागतं. नट गेला की वग खरंच पडतो. मग कमिटी म्हणते, बघा, वग कुणाला नकोच आहे!

अगदी शेजारचंही उदाहरण आहे. आपल्याच बरोत साउथॉल. 1977 साली तिथे ‘आलाप’ हा भांगड्याचा बँड निघाला. मग अनेक बँड निघाले. ढोल-ढोलकीच्या जोडीला सिंथेसायझर, अ‍ॅकॉर्डियन, सगळं होतं. ते ‘शुद्ध’ नव्हतंच, पण जिवंत होतं. 80 च्या दशकात पंजाबी पोरं घरी न सांगता दिवसाढवळ्या त्यांच्या कार्यक्रमांना जायची. पुढे रीमिक्स आले, डीजे आले. आठ-दहा माणसांच्या बँडपेक्षा एक डीजे स्वस्त. लग्नातून बँड मागे पडत गेले. माझ्या ऑफिसातले एक साउथॉलचे सरदारजी, वयाने पन्नाशीचे, मला म्हणाले, ‘गाणी सगळी आहेत रे, फक्त वाजवणारे गेले.’ मला हे वाक्य आपल्यासाठी नको आहे.

चाहता म्हणून माझ्यापुढे दोन सोपे रस्ते आहेत. एक, तिकीट काढत राहायचं आणि घरी येऊन कुरकुरायचं. दुसरा, ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणून यूट्यूबवर जुनं ऐकत बसायचं. दोन्ही रस्त्यांनी त्या चार माणसांचं काहीच भलं होत नाही, आणि मुलांना तर समजणारसुद्धा नाही की झील म्हणजे काय. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. 2024 च्या कार्यक्रमात तिने मला विचारलं, ‘बाबा, ते मागचे काका कुठून गातायत?’ मी म्हटलं, कॉम्प्युटरमधून. ती म्हणाली, ‘मग आपण घरीच का नाही ऐकलं?’ मंडळी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला लंडन ते लेस्टर नेण्याचं पेट्रोल मात्र गेलं होतं!

म्हणून कमिटीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी याच संचाला बोलवायचं की बॉलिवूडच्या ऑर्केस्ट्राला, हा विषय पुढच्या बैठकीत आहे. माझं मत, याच संचाला बोलवावं, पण वेगळ्या रीतीने.

पहिलं म्हणजे, माणसं चारच येऊ देत. गायक, संबळ, तुणतुणं आणि तो प्रश्न विचारणारा साथीदार. एवढ्यांत गोंधळ उभा राहतो. गावाकडे वर्षानुवर्षं उभा राहिलाय. मोठं थिएटर नको, दीडशे-दोनशे माणसांचा हॉल बघू. दुसरं, लॅपटॉप नको ही अट पत्रातच घालू, आणि त्याबरोबर आपणही एक अट पाळू: चिठ्ठ्या पाठवून सिनेमाची गाणी मागायची नाहीत. नाचायचं असेल तर डीजेची वेगळी संध्याकाळ करू, मी स्वतः नाचायला येईन. तिसरं, अडीच तासांत बारा प्रकार उरकण्यापेक्षा दोनच प्रकार, गोंधळ आणि भारुड. हॉल रात्री अकराला रिकामा करायचा असतो हे मान्य. मग सहाला सुरू करू. सहा म्हणजे सहा, मराठी सहा नव्हे!

आणि चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. झीलकरी आपण द्यायचे. झील ही काही ख्याल-गायकी नव्हे. सूर धरायचा, ओळ उचलायची, वेळेवर थांबायचं. ज्याला आरती म्हणता येते त्याला झील धरता येते. मी दादांना याबद्दल फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, चाली रेकॉर्ड करून पाठवतो, तुम्ही सहा रविवार बसा, मी आदल्या दिवशी येऊन घासून घेतो. म्हणजे रेकॉर्डिंग असणार आहेच, पण ते शिकण्यासाठी. माझी त्याला काही हरकत नाही.

यात धोका आहे हे मी जाणतो. आपण बेसूर गाऊ. एखादा झीलकरी मध्येच फोन घ्यायला जाईल. कार्यक्रम नेटका होणार नाही. तिकीट काढून आलेला एखादा पाहुणा म्हणेल, हे काय गॅदरिंग आहे का? म्हणू दे. आणि समजा, एवढं करूनही तो रंग नाही चढला, तर माझ्या शीटमध्ये मी तसं प्रामाणिकपणे लिहीन आणि पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्राला मत देईन. प्रेम आहे म्हणून आंधळं मत देणार नाही. पण त्या संचाला थांबायची, ओळ परत घ्यायची, कुणाचं गाव विचारायची मुभा देऊन एकदा पाहायला हवं. आज त्यांच्याकडून आपण ती मुभाच काढून घेतली आहे आणि मग तक्रार करतो की ते यांत्रिक झाले.

वीस मिनिटं झाली, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. मागे चहाच्या टेबलावर दोन कागद ठेवलेत. पहिल्यावर झीलकरी म्हणून नाव आणि फोन नंबर लिहा; पुरुष, बायका, मुलं, सगळे चालतील. दुसऱ्यावर आपलं गाव आणि गावचा देव लिहा. हा कागद मी दादांना पाठवणार आहे. पहिली नोंद मी करून ठेवली आहे, खटाव तालुका, भैरोबा. खाली भरपूर जागा आहे. आणि हो, वडे गार व्हायच्या आत लिहा!